तीन हिसके

उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला लागल्या की कुणाला थंडी आठवते, कुणाला गूळ. मला बापू आठवतो, आणि त्याचं काहीतरी वाईट व्हावं असं वाटायला लागतं. गेले दोन-तीन हंगाम हे असंच चाललंय. बारामतीहून इंदापूरला शाळेत जाताना आमची एसटी दोन ट्रॉल्यांच्या मागं अडकते, कारखान्याच्या मळीचा आंबूस वास खिडकीतून आत येतो, शेजारची बाई नाकाला पदर लावते, आणि मी मनातल्या मनात बापूच्या उसाला हुमणी लावून देते. हुमणी ही मुळं खाणारी अळी. वरून ऊस झोकात उभा दिसतो आणि एक दिवस नुसत्या हातानं उपटून येतो. मी विज्ञान शिकवते, शाप लागत नाहीत हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी लावते, आणि बस पुढं सरकली की जरा बरं वाटतं.

ज्या हिवाळ्यात याचं मूळ रुजलं त्याला आता सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, आणि बारामतीतल्या पाच जणांच्या टोळीतली एकटी मुलगी. टोळीला सुळके चढायचं वेड होतं. आता हसू येतं, कारण आमच्या मुलखात चढण्यासारखं काही नाहीच. मोरगावकडं थोडे माळ आहेत, बाकी इंदापूरपर्यंत जमीन ताटासारखी सपाट. कालव्याच्या भरावावर उभं राहिलं तरी चार गावं दिसतात. अशा ठिकाणी राहून आम्ही जुन्नरच्या बाजूच्या सुळक्यांची स्वप्नं बघायचो, आणि सराव करायचो बापूच्या विहिरीत.

हो, विहिरीत. बाकीचे लोक डोंगराच्या पायथ्याशी शिकतात, आम्ही जमिनीच्या खाली शिकलो. इंदापूर रस्त्याला बापूचं शेत होतं, तिथं त्याच्या आजोबांनी खोदलेली जुनी विहीर. चाळीसेक फूट खोल, वर काळ्या दगडाचं बांधकाम, खाली नुसता कातळ. दिवाळी झाली, पाणी खाली गेलं, की आमचा हंगाम सुरू. एकेकानं कमरेला दोर बांधून तळाशी जायचं आणि दगडांच्या फटीत बोटं घालून वर यायचं. कबुतरं तोंडासमोरून फडफडत जायची. एकदा माझ्या हाताशेजारच्या फटीतून एक धामण शांतपणे बाहेर आली, माझ्याकडं बघून परत आत गेली, आणि मी त्या दिवशी सगळ्यांत कमी वेळात वर आले. विहिरीत आवाज घुमतो, त्यामुळं खालचा माणूस काय पुटपुटतोय ते वर स्पष्ट ऐकू यायचं. आम्ही एकमेकांच्या सगळ्या शिव्या त्या विहिरीत ऐकल्या आहेत.

सामान बघून खऱ्या गिर्यारोहकांनी कपाळाला हात लावला असता. कातळात ठोकायच्या खुंट्या ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांपासून लोहारानं केलेल्या. कमरेचे पट्टे ताडपत्री शिवणाऱ्याकडून शिवून घेतलेले, इतके जाड की बसताना करकर वाजायचे. पायात कॅनव्हासचे बूट, तळवे झिजले की त्यावर टायरचा तुकडा चिकटवलेला. फक्त दोर अस्सल होता. निळा-पांढरा, पुण्याहून आणलेला, पाचही जणांचा मिळून एक. तो बापूच्या घरी धान्याच्या कोठीवर गुंडाळून ठेवलेला असायचा, कारण बापू आमचा म्होरक्या होता. उंच, सडपातळ, न बोलता चढणारा. कातळाला हात लावायचा तेव्हा गाईच्या पाठीवर ठेवल्यासारखा ठेवायचा. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा जगात त्याच्याइतका भरवशाचा माणूस दुसरा वाटत नव्हता.

त्या दोरावर घरोघरच्या वडीलधाऱ्यांचा डोळा होता. शेतकऱ्याच्या घरात इतका मजबूत दोर आणि तो नुसता डोंगराला, हे कुणाच्या पचनी पडत नव्हतं. माझ्या चुलत्यांना तो कडब्याच्या गाडीवर आवळायला हवा होता. बापूच्या वडिलांना, तात्यांना, विहिरीतली मोटर काढायला हवा होता. म्हणून आम्ही नियम केला होता की दोर शेतीच्या कामाला लावायचा नाही, सख्ख्या बापानं मागितला तरी नाही. हा पहिला नियम.

दुसरा नियम गाठीचा. आमच्यात कुणी स्वतःची गाठ स्वतः मारत नसे. दोर ज्याच्या कमरेला बांधायचा त्यानं दोन्ही हात जरा बाजूला घेऊन समोर उभं राहायचं, आणि दुसऱ्यानं गाठ मारायची. दोराचा आठ करायचा, टोक पट्ट्यातून ओवायचं आणि आठाच्याच वाटेनं उलटं फिरवून आणायचं. मग ज्याची कंबर आहे त्यानं गाठीला तीन हिसके द्यायचे आणि म्हणायचं, आली. आली म्हटल्याशिवाय कुणी पाय उचलायचा नाही. ही पद्धत बापूच्या आजोबांकडून आली होती. विहीर खोदताना पाटीत बसून खाली उतरणारा माणूस दोराला असेच तीन हिसके देऊन मग पाय सोडायचा म्हणे. गाठ कुणी मारायची याची वाटणी नव्हती, पण हळूहळू सगळे माझ्यासमोर येऊन उभे राहायला लागले. माझी गाठ चपटी आणि सारखी यायची, दोराचे पदर एकमेकांवर चढायचे नाहीत. बारामतीतल्या चार पुरुषांची कंबर माझ्या हातात होती असं निवास म्हणायचा, आणि मग स्वतःच लाजायचा.

निवास आमचा आचारी. इंदापूरच्या स्टँडजवळ त्याच्या वडिलांचं हॉटेल होतं, त्यामुळं त्याच्या हाताला चव होती. थंडीत कुडकुडत स्टो पेटवायचा, काळा मसाला टाकून खिचडी करायची, वर बुक्कीनं फोडलेला कांदा. घरून आणलेल्या बाजरीच्या भाकऱ्या दुसऱ्या दिवशी कडक व्हायच्या, त्या शेंगदाण्याच्या चटणीत तेल घालून मोडून खायच्या. खिशात गूळ-शेंगदाणे कायम. गूळ उन्हानं वितळून शेंगदाण्यांना चिकटायचा आणि त्यात पट्ट्याचे धागे यायचे, ते सुद्धा आम्ही खाल्ले. मला स्वयंपाक अजिबात येत नव्हता, आजही बेताचाच येतो. एकदाच मी खिचडी केली होती, तर निवासनं ती पातेल्यातून थोडी काढून कातळाच्या भेगेत भरली आणि तिच्यावर खुंटी ठोकून दाखवली. खुंटी हलली नाही. मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही, आणि तो आठवडाभर सगळ्यांना ते सांगत फिरला. पण तेव्हाच्या चेष्टेला काटा नव्हता. ज्याच्या कमरेची गाठ आपण मारतो त्याचा राग फार वेळ धरता येत नाही.

धरता येतो, हे मला नंतर कळलं.

त्या जानेवारीत आम्ही जुन्नरकडच्या एका सुळक्यावर गेलो होतो. नाव सांगत नाही, सुळक्याची त्यात काही चूक नव्हती. टोळीतले दोघं आधीच माथ्यावर पोचले होते. त्यांनी दोर वरच्या कडीतून ओवून दोन्ही टोकं खाली सोडली होती. एक टोक निवासच्या कमरेला, दुसरं खाली बापूच्या हातात. निवास चढत जाईल तसा बापू दोर ओढून घेणार. साधी गोष्ट होती, विहिरीवर शंभरदा केलेली. निवास माझ्यासमोर हात बाजूला घेऊन उभा राहिला. मी आठ केला, ओवला, फिरवून आणला. त्यानं तीन हिसके दिले, आली म्हणाला, आणि वर माझ्या कानाशी येऊन सांगितलं की आज तो चढणार असल्यामुळं जेवण माझ्याकडं आहे, तर कृपा करून लोकांना जिवंत ठेव. तेवढ्यात बापू म्हणालाच की सुनंदा, तू जाऊन चूल पेटव, आम्ही येतोच. मी पलीकडच्या घळीत गेले. पातेल्यात पाणी ओतलं होतं, तेव्हा धप्प असा आवाज आला. माणूस पडल्याचा आवाज एकदा ऐकला की पुढं दुसऱ्या कशाला आवाज म्हणावंसं वाटत नाही.

मी पळत आले तेव्हा निवास दगडांत आडवा होता, डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला, शुद्ध हरपलेली. बापूनं त्याचा कमरेचा पट्टा काढून ठेवला होता. दोर ओढून घेऊन गुंडाळून ठेवला होता. वरचे दोघं पलीकडच्या उताराच्या बाजूनं पाय टेकत खाली येत होते. बापू मला म्हणाला, ‘गाठ सुटली.’ एवढंच. आवाज चढवून नाही, दोष देऊन नाही. एखाद्याला घरातलं वाईट सांगावं तसं.

आम्ही निवासला फाट्यापर्यंत आळीपाळीनं पाठीवर आणलं. माझ्या पाठीवर तो होता तेव्हा मी सारखी विचार करत होते की टोक किती ओढून घेतलं होतं, आठाचे दोन्ही पदर शेजारीशेजारी होते ना. मला दिसत होतं, होते. पण गाठ सुटली हे बापू सांगत होता. बापू सांगतोय म्हटल्यावर मी माझ्या डोळ्यांवर कसा विश्वास ठेवणार?

निवासचा पाय जुळला, पण आखूड राहिला. चढणं संपलं. मी दवाखान्यात त्याला भेटायला गेले तेव्हा त्याला विचारलं, तू हिसके दिले होतेस ना? तो छताकडं बघत म्हणाला, आठवत नाही. मला आठवत होतं. आली म्हणाला होतास, कानाशी आला होतास. पण पाय त्याचा मोडला होता, त्यामुळं आठवणही त्याचीच खरी धरली गेली.

टोळीतून मला कुणी काढलं नाही. हे लिहिताना सुद्धा राग येतो, कारण काढलं असतं तर भांडता आलं असतं. पुढच्या आठवड्यात विहिरीवर सराव होता. मी नेहमीसारखी दोराचं टोक हातात घेऊन काठावर उभी राहिले. पहिला जण दुसरं टोक घेऊन बापूसमोर जाऊन उभा राहिला. त्याचं झालं, मग दुसरा, तोही बापूसमोर. मी टोक धरून उभी. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं आणि सगळे हवापाण्याबद्दल बोलत होते. तासाभरानं मी ते टोक हळूच जमिनीवर ठेवलं, चपला घातल्या आणि कालव्याच्या कडेकडेनं चालत रस्त्यावर आले. मागून कुणी हाक मारली नाही. पुन्हा कितीतरी वर्षं मी दोराला हात लावला नाही.

मग लग्न, नोकरी, दोन मुली. वरून सगळं झोकात. पण एक सवय लागली. गॅसचं बटण बंद केलं की परत जाऊन बघायचं, कुलूप लावलं की ओढून बघायचं, परीक्षेचे गठ्ठे बांधले की सोडून परत बांधायचे. शाळेत मला सगळे काटेकोर म्हणतात. काटेकोर कसली, मला माझ्या हातांचा भरवसा उरला नव्हता. धाकटीला झोळीत घालायचे तेव्हा झोळीचा दोर नवऱ्याला बांधायला लावायचे. आपल्या लेकराच्या झोळीचा. तो विचारायचा, का गं? मी म्हणायचे, मला नीट येत नाही.

निवास वडिलांच्या जागी हॉटेलच्या गल्ल्यावर बसायला लागला. माझी शाळा स्टँडच्या पलीकडं, त्यामुळं रोज त्याच्या दारावरून जाणं. त्यानं माझ्यावर राग धरला नाही, चेष्टा धरली. मास्तरीणबाई, बुटाची नाडी बांधून देता का, पडून तेवढीच सुट्टी मिळंल. हॉटेलातले लोक हसायचे, त्यांना अर्थ कळत नसला तरी. मी दोन वर्षं हसून घेतलं. मग पलीकडच्या गल्लीतून जायला लागले, दुप्पट अंतर, भर उन्हात, पण त्याच्या हॉटेलातल्या चहाचा घोट आजवर घेतला नाही. त्याचा चहा उत्तम असतो असं लोक सांगतात. असू दे.

आणि बापू मोठा झाला. हिमालयात जाऊन आला, फोटो छापून आले, कॉलेजांत भाषणं द्यायला लागला. पोट सुटलं, पण जाकिटाला कायम एक कडी लटकवलेली.

परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या संक्रांतीला बापूची बायको सिंधूवहिनी एका हळदीकुंकवाला भेटली. साधी बाई, बोलायला आवडतं. तिळगूळ हातावर ठेवता ठेवता ती तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्याच्या गोष्टी सांगत होती. सासरी आले तर काय, म्हणे, आठ दिवसांत मोटर विहिरीत पडली, हरभऱ्याचं पाणी तुंबलं, सासरे नुसते तडतडत होते. मग ती म्हणाली, ‘तुमचा तो डोंगराचा दोर हुता न्हवं का, निळा, त्योच लावला यांनी ट्रॅक्टरला. काठावर दगडाला घासून घासून पार केसं निघाली हुती त्याला. मी सर्फात घालून धुतला, तवा कुठं बरा दिसाया लागला.’

मी विचारलं, हे कधीचं? ती म्हणाली, तुमच्या त्या निवासभावजींचा पाय मोडला न्हाय का, त्याच्या आदल्या आठवड्यात.

मी घरी कशी आले आठवत नाही. हातातल्या तिळगुळाचा चुरा झाला होता. मला एकदम सगळं दिसलं. दोराचं शेवटचं टोक, मोटरला बांधलेलं, आतून तुटलेलं आणि वरून धुतलेलं. त्या टोकात मी मारलेली माझी चपटी, सारखी गाठ. निवास पडला तेव्हा ती गाठ त्याच्या पट्ट्यात शाबूत असणार, वर हातभर तुटका दोर घेऊन. म्हणून पट्टा काढला होता. म्हणून दोर गुंडाळून ठेवला होता. बापूनं बेशुद्ध माणसाच्या कमरेची गाठ सोडली आणि मग माझ्याकडं वळून म्हणाला, गाठ सुटली.

दोर मोटरला लावला, ते मी समजू शकते. मोटर पडली, पाणी तुंबलं, तात्या तडतडले, कुणीही लावला असता. पोरवयात घाबरून गाठ लपवली, तेही कदाचित. पण त्यानंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात त्याला वेळ होता. मी माझ्या मुलीच्या झोळीला हात लावत नव्हते तेव्हा हा माणूस हिमालयात फोटो काढत होता. त्या दिवसापासून मी हुमणी लावायला सुरुवात केली. आधी मला नुसतं वाईट वाटायचं, आता सूड हवा होता, आणि खरं सांगते, सूड हवा असणं हे वाईट वाटण्यापेक्षा कितीतरी बरं असतं. माणूस ताठ चालतो.

गेल्या वर्षी बापू आमच्याच शाळेत आला. गिर्यारोहणातली सुरक्षितता या विषयावर. पोरांसमोर जाकिटाची कडी वाजवून दाखवली आणि गाठीचं महत्त्व सांगताना म्हणाला की आमच्या एका भगिनीच्या हातून गाठ सैल राहिली आणि एक तरुण कायमचा अधू झाला. भगिनी म्हणाला. मी पहिल्या रांगेत बसले होते. त्यानं माझ्याकडं बघितलं, नजर हलली सुद्धा नाही. इतक्या वेळा सांगून त्याला ते खरं वाटायला लागलं असावं. नंतर आभार मानायचं काम माझ्याकडं होतं. शाल, नारळ. नारळ हातात घेतल्यावर माझ्या मनात काय आलं ते शिक्षिकेनं लिहू नये. मी आभार मानले, पाहुण्यांनी अमूल्य वेळ दिला वगैरे. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

यंदा ज्वारी हुरड्यात आली तेव्हा टोळीतल्या कुणीतरी मोबाइलवर जुन्या मंडळींचा ग्रुप काढला आणि ठरलं, बापूच्या शेतात हुरडा. मी जाते म्हटल्यावर नवरा बघतच राहिला. मी तयारी केली होती. एसटीत बसून भाषण पाठ केलं, मुद्देसूद. सगळ्यांसमोर, निवाससमोर, सिंधूवहिनीला साक्षीला घेऊन. हुरडा खाऊन होऊ द्यायचा, ताक येऊ द्यायचं, मग उभं राहायचं.

विहिरीशेजारीच आगटी पेटवली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं, हातावर चोळलेला गरम हुरडा, लसणाची चटणी, गूळ, खापरातलं दही. सगळे जाडजूड, टक्कल पडलेले, गुडघे धरून बसणारे. निवास काठी घेऊन आला होता आणि विहिरीच्या थारोळ्यावर, जुन्या मोटेचं पाणी पडायच्या दगडी कुंडीवर, पाय पसरून बसला होता. मला बघून म्हणाला, आता पट्टा न्हाय, लुंगी हाय, तरी गाठ मीच मारली हाय, घाबरू नका. सगळे हसले. मी म्हणाले, सुटली तरी बघण्यासारखं काही नाही. पुन्हा हसले. माझ्या घशात भाषण तयार होतं आणि मी कणीस चोळत होते.

तेवढ्यात कुणीतरी बापूला चढवलं की हिमालय राहू दे, आता या विहिरीत उतरून दाखव. बापू तसा चढणारा माणूस. आतून नवा दोर आणि पट्टा घेऊन आला. दोराचे दोन वेढे काठावरच्या लिंबाला घेतले, म्हणजे वरच्या माणसाला भार लागत नाही, आणि टोक पुढं केलं. तेव्हा सुळक्याच्या माथ्यावर असलेले ते दोघं गाठ मारायला पुढं आले. एक म्हणाला आठ असा, दुसरा म्हणाला तसा नाही, मोबाइल काढून बघायला लागले. शेवटी काहीतरी केलं. बापूनं खाली कमरेकडं बघितलं. मग वाकून विहिरीत बघितलं. तळाशी पाणी थोडंच होतं आणि त्यातून कातळ वर आलेला दिसत होता. त्यानं दोघांची गाठ सोडून टाकली आणि टोक घेऊन सरळ माझ्याकडं आला.

‘तू मार,’ म्हणाला.

आणि हात जरा बाजूला घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. कुणीतरी विमा काढलाय का विचारलं, एकजण सिंधूवहिनीला हाक मारून म्हणाला, शेवटचं बघून घ्या. मी टोक हातात घेतलं. वाटलं, एक पदर कमी फिरवावा. खरंच वाटलं. सव्वीस वर्षं जे बोललास ते आता खरं करून देते. पण बोटं ऐकेनात. त्यांना एकच गाठ येत होती आणि ती त्यांनी मारली, चपटी आणि सारखी. मी मागं सरून लिंबाजवळ दोर धरला. बापूनं काठावर टाचा टेकल्या, पाठ विहिरीकडं केली, आणि सगळा भार मागं सोडून दिला. दोन-तीन पावलं खाली गेला. आता त्याची फक्त छाती आणि डोकं वर दिसत होतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी दोर थांबवला.

‘बापू,’ मी म्हणाले, ‘हिसकं दिलं न्हाईस.’

‘तुझी गाठ हाय की,’ तो म्हणाला. ‘तिला काय बघायचं?’

सहज म्हणाला. गोवरीत एक कणीस फुटलं. थारोळ्यावर निवासचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. त्यानं हातातला हुरडा खाली ठेवला, काठी टेकली, आणि उठून हळूहळू काठापाशी आला.

‘माझीबी हिचीच हुती, बापू,’ तो म्हणाला.

बापूनं माझ्याकडं बघितलं. बरीच वर्षं तो माझ्याकडं बघत आला होता, पण घाबरून पहिल्यांदाच. म्हणाला, सोड की खाली. मी सोडला नाही. मग म्हणाला, घे की वर. मी म्हणाले, निवासनं काहीतरी विचारलंय. दोन वेढ्यांमुळं मला भार लागत नव्हता, मी एका हातानं दोर धरून दुसऱ्या हातानं पदर नीट केला.

विहिरीत आवाज घुमतो, त्यामुळं तो हळू बोलला तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

‘गाठ हुती तशीच हुती,’ बापू म्हणाला. ‘दोर तुटला. मोटरीला लावल्याला दोर. गाठ मी काढून खिशात घातली.’

सिंधूवहिनी ताकाचं पातेलं घेऊन आली होती, ती तिथंच थांबली. निवास काठावरून खाली त्याच्याकडं बघत राहिला. आपल्या पायाकडं त्यानं बघितलं नाही, मी लक्ष ठेवून होते. मग तो माझ्याकडं वळला आणि त्याचे ओठ हलले, पण चेष्टा बाहेर आली नाही आणि दुसरं काही त्याला येत नव्हतं. बाकीचे दोघं दोर ओढायला पुढं झाले. मी त्यांना हातानं थांबवलं.

‘सुनंदा,’ निवास शेवटी म्हणाला, ‘घे त्याला वर.’

‘घेते,’ मी म्हणाले, आणि बराच वेळ घेतलं नाही.